कंपनी भागधारकांची नसेल, तर राजकीय देणगी कोणाच्या वतीने दिली जाते?

बोरीकाठ (अमळनेर), धागाकर्ता

आमच्या घराच्या माळ्यावर पत्र्याची एक पेटी आहे. वडिलांनी आयुष्यभर जपलेली शेअर प्रमाणपत्रे तीत असत. डिमॅट करताना चांगल्या कंपन्यांची प्रमाणपत्रे जमा करावी लागली. आता उरली आहेत ती बंद पडलेल्या कंपन्यांची. जाड कागद, उठावाचा शिक्का, पाठीमागे हस्तांतराच्या नोंदींचे रकाने आणि त्यांत निळ्या शाईने लिहिलेली, फिकट झालेली नावे. अमळनेरात अशी पेटी असलेले घर शोधायला फार लांब जावे लागत नाही. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली, गावात वनस्पती तुपाचा कारखाना उभा राहिला आणि तीच कंपनी पुढे विप्रो या नावाने जगभर गेली. गावातल्या शेतकऱ्यांनी आणि दुकानदारांनी घेतलेले थोडेथोडके शेअर बोनस मिळत मिळत वाढले, त्यांवर मुलांची शिक्षणे आणि मुलींची लग्ने झाली. म्हणून आमच्याकडे शेअर बाळगणारा माणूस ‘आपली कंपनी’ असे सहज म्हणतो. माझे वडीलही तसेच म्हणत.

या धाग्याचा विषय ती कंपनी नाही. माझ्याकडे शेअर बाजारात नोंदलेल्या दुसऱ्या एका कंपनीचे ६० शेअर आहेत. तिचे नाव मी मुद्दाम देत नाही. १४ मार्च २०२४ रोजी निवडणूक आयोगाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे राजकीय पक्षांना देणगी देण्यासाठी बँकेतून घेतल्या गेलेल्या रोख्यांच्या, खरेदीदारांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा मी रात्री जेवणानंतर सहज ती चाळत बसलो होतो. त्या यादीत या कंपनीचे नाव सापडले. एकदा नव्हे, अनेक ओळींत. त्याच वर्षांचे वार्षिक अहवाल मी पुन्हा काढून पाहिले. एका वर्षी ‘रोख राखून ठेवणे आवश्यक असल्यामुळे’ संचालक मंडळाने लाभांशाची शिफारस केलेली नव्हती. त्याच वर्षी रोखे मात्र घेतले गेले होते.

मला सर्वांत जास्त खटकले ते हे की मला तक्रार करायला जागाच नाही. कायद्याच्या दृष्टीने ते पैसे माझे नव्हतेच. बाचा गझदर यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली हे स्पष्ट केले आहे. त्यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचे उत्पन्न मानला जात असल्यामुळे आपल्या लाभांशाचाही तेवढा भाग करमुक्त असावा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. भागधारकाला लाभांशाचा हक्क आहे, पण कंपनीच्या मालमत्तेत त्याची मालकी नाही. कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर रावेरच्या शेतकऱ्याने स्वतःच्या वावरात केळी लावली तर ते शेतीचे उत्पन्न होते, पण केळी पिकवणाऱ्या कंपनीचे शेअर घेतले तर हाती येणारा लाभांश शेतीचे उत्पन्न होत नाही.

हे मी मान्य करतो. मग माझा प्रश्न असा आहे. कंपनी माझ्याहून वेगळी असेल, तर ती स्वतः मतदार नाही, नागरिक नाही, तिचा कोणता पक्ष असणार? आणि पक्षाला देणगी देण्याचा तिचा अधिकार आम्हा भागधारकांच्या मतस्वातंत्र्यातून येत असेल, तर आम्हाला कोणी कधी विचारले? पैसे खर्च करताना कंपनी वेगळी आणि अभिव्यक्तीचा हक्क सांगताना कंपनी म्हणजे आम्ही, ही दुहेरी मांडणी मला पटत नाही. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी असावी, असे माझे मत आहे. विरोधी मत असल्यास जरूर मांडावे.

मेहरूण (जळगाव)

बोरीकाठ भाऊ, तुमची तळमळ समजली, परंतु निष्कर्षाशी मी असहमत आहे. माझा जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइपचा लहानसा कारखाना आहे. आमची कंपनी खासगी मर्यादित आहे. भागधारक म्हणजे मी, माझी पत्नी आणि धाकटा भाऊ. वीजबिल कंपनीच्या नावाने येते, जीएसटीची नोटीस कंपनीच्या नावाने येते, प्रदूषण मंडळाचे पत्र कंपनीच्या नावाने येते आणि कामगार न्यायालयात उभे राहायचे ते कंपनीलाच. सगळी कर्तव्ये लादताना कंपनी व्यक्ती असते, मग ज्या धोरणांवर तिचे जगणे-मरणे अवलंबून आहे, त्यांबद्दल तिने काहीच बोलू नये, हे न्यायाला धरून कसे? कामगार संघटना बोलतात, शेतकरी संघटना बोलतात, व्यापारी मंडळे बोलतात. उद्योगानेच तोंड का मिटून घ्यावे?

दुसरे असे की बंदीचा प्रयोग या देशात होऊन गेला आहे. १९६४ साली भ्रष्टाचार रोखण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने कंपन्यांच्या देणग्या बंद करण्याची शिफारस केली, १९६९ साली कायदा बदलून बंदी आली आणि ती १९८५ पर्यंत टिकली. या सोळा वर्षांत निवडणुका पैशाविना झाल्या काय? पैसा होताच, फक्त तो वहीतून उठून पिशवीत गेला. माझे वडील तेव्हा एका जिनिंग कारखान्यात दिवाणजी होते. निवडणूक जाहीर झाली की पक्षाच्या स्मरणिकेसाठी जाहिरातीचा फॉर्म यायचा. पूर्ण पानाचा दर आणि प्रत्यक्षात मागितलेली रक्कम यांचा काही संबंध नसे. ती स्मरणिका छापली गेली की नाही, हे कोणी पाहत नसे.

आजही निवडणुकीच्या हंगामात संध्याकाळी सहाच्या सुमारास, पाळी सुटताना, माणसे कार्यालयात येऊन बसतात. चहा होतो. पावतीपुस्तक असतेच असे नाही. अशा वेळी मला ‘चेक देतो, कंपनीच्या नावाने पावती द्या’ असे म्हणता येते, ते केवळ कायद्यात चेकची वाट उघडी आहे म्हणून. ती वाट तुम्ही बंद केलीत तर मागणारा थांबणार नाही. माझ्याकडे असलेले उत्तर तेवढे जाईल.

आणि ज्या भागधारकाला देणगी पटत नाही, त्याने शेअर विकावेत. बाजार रोज उघडा असतो.

पांझराकाठ (धुळे)

मी वकिली करतो. दोघांच्याही लिखाणात कायदेशीर व्यक्तित्व ही एकच अखंड वस्तू असल्यासारखे गृहीत धरले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कंपनी वेगळी व्यक्ती आहे, हे तत्त्व ज्या निकालाने घट्ट रोवले गेले तो १८९७ सालचा सॅलोमनचा निकाल. ॲरन सॅलोमन हे लंडनमधले चामड्याच्या बुटांचे व्यापारी होते. त्यांनी कंपनी काढली. सभासद सात, म्हणजे ते स्वतः, पत्नी आणि पाच मुले. २०,००७ शेअरपैकी २०,००१ त्यांच्या नावावर होते. कंपनी बुडाल्यावर धनको म्हणाले की ही कंपनी म्हणजे सॅलोमनच. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च न्यायालयाने, ते नाकारले. मेहरूण भाऊंची तीन माणसांची कंपनी आज त्याच निकालाच्या आधारावर उभी आहे. या तत्त्वाचा हेतू कोणता होता, तर व्यापारातली जोखीम मर्यादित करणे. व्यक्तीला लाभणारे सगळे हक्क कंपनीला द्यावेत, असे तेव्हा कोणीही म्हटले नव्हते.

आपल्या देशात कायदेशीर व्यक्तीचे सर्वांच्या ओळखीचे उदाहरण कंपनी नाही, देव आहे. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हिंदू देवतेचे कायदेशीर व्यक्तित्व मान्य केले. देवाच्या नावावर जमीन असते, देव दावा लावतो, देवावर दावा लागतो. उद्या एखाद्या देवस्थानाच्या विश्वस्तांनी दानपेटीतल्या पैशातून एका पक्षाच्या प्रचाराचे फलक लावले, तर गावातला सामान्य भाविकही विचारील की हा अधिकार तुम्हाला कोणी दिला. देवाला व्यक्तित्व आहे, पण ते त्याची मालमत्ता सांभाळण्यापुरते. कायदा ज्या कामासाठी व्यक्तित्व देतो, त्या कामापुरतेच ते असते.

आता कंपनीच्या हक्कांबद्दल. १९६३ साली स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनी नागरिक नाही, म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तीसारखी स्वातंत्र्ये तिला स्वतःच्या नावाने मागता येत नाहीत. पुढे १९७० चा बँक राष्ट्रीयीकरणाचा आणि १९७२ चा बेनेट कोलमनचा निकाल आला. या दुसऱ्या प्रकरणात वृत्तपत्राच्या कागदावरील निर्बंधांविरुद्ध कंपनीबरोबर भागधारक आणि संपादकही न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्यांच्या हक्कांच्या वाटेने जाऊन दिलासा दिला. म्हणजे भारतात कंपनीच्या तोंडून जो आवाज निघतो तो माणसांचा म्हणून ओळखला जातो. धागाकर्त्यांचा प्रश्न त्यामुळे कायद्याच्या अगदी गाभ्याला जाऊन भिडतो.

मात्र देणगीच्या बाबतीत कायद्याने हा धागा पकडलेला नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १८२ पाहा. सरकारी कंपनी आणि तीन आर्थिक वर्षे पूर्ण न झालेली कंपनी देणगी देऊ शकत नाही. इतरांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंत देता येते. १९८५ साली ही मर्यादा ५ टक्के होती. त्यासाठी ठराव लागतो तो फक्त संचालक मंडळाचा. भागधारकांचा नाही. २०१७ च्या वित्त कायद्याने ही ७.५ टक्क्यांची मर्यादा काढली आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे सांगण्याचे बंधनही काढले. फक्त एकूण रक्कम पुरे झाली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निवडणूक रोखे योजना आणि हे दोन्ही बदल रद्द केले. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या निकालपत्रात एक फरक ठळकपणे मांडला आहे: व्यक्ती देणगी देते ती विचाराला पाठिंबा म्हणूनही देते, कंपनीची देणगी हा मात्र परतावा डोळ्यांपुढे ठेवून केलेला निव्वळ व्यवहार असतो, म्हणून दोघांना एकाच मापाने मोजणे घटनेच्या समतेच्या तत्त्वात बसत नाही.

ही भीती नवी नाही. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात, म्हणजे कंपनीची उद्दिष्टे ठरवणाऱ्या दस्तऐवजात, बदल करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी मागितली. मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी तेव्हाच्या कायद्यानुसार ती दिली, पण हा धोका वाढत गेला तर तो एक दिवस या देशातील लोकशाहीचा गळा आवळील, अशा आशयाचा इशारा देऊन संसदेने यात लक्ष घालावे, असे बजावले. त्या निकालाला आता सत्तरीकडे झुकलेला काळ लोटला आहे.

तापीकाठ (भुसावळ)

बंदीच हवी. अमेरिकेत २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर कंपन्या उमेदवारांना वाटेल तेवढा पैसा देऊ लागल्या आणि तिथली लोकशाही विकली गेली. आपण त्याच वाटेवर आहोत.

पांझराकाठ (धुळे)

तापीकाठ दादा, एक दुरुस्ती. अमेरिकेत कंपनीने संघीय निवडणुकीतील उमेदवाराला थेट पैसे देण्यावर १९०७ च्या टिलमन कायद्यापासून बंदी आहे आणि ती आजही उठलेली नाही. २०१० च्या ५ विरुद्ध ४ अशा निकालाने मोकळे केले ते उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर केलेला खर्च. परिणामाबद्दलची तुमची चिंता मला मान्य आहे. पण आपल्याकडे कंपनी थेट पक्षाच्या खात्यात चेक भरू शकते, म्हणजे या एका बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा सैल आहोत. थेट बंदीची उदाहरणे हवी असतील तर फ्रान्सने १९९५ साली, कॅनडाने संघीय पातळीवर २००७ पासून आणि ब्राझीलने २०१५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कंपन्यांच्या देणग्या बंद केल्या.

गोमाईकाठ (शहादा)

इथे सगळे भागधारकाला विचारा म्हणत आहेत. सहकारात विचारतात. तिथे काय होते ते मी सांगतो.

माझे वडील ऊस उत्पादक सभासद होते, मीही आहे. कंपनीत जितके शेअर तितकी मते. सहकारी कारखान्यात शेअर कितीही असोत, एक सभासद एक मत. पन्नास एकरवाला आणि दीड एकरवाला सारखे. कागदावर यापेक्षा न्याय्य रचना दुसरी नाही. आता ऊसबिलाची पावती डोळ्यांपुढे आणा. वर वजन, दर आणि ढोबळ रक्कम. त्याखाली कपातींची रांग: तोडणी-वाहतूक, सोसायटीचे कर्ज, भाग वाढ, परतीची ठेव, बिगरपरतीची ठेव आणि मग टनामागे काही रुपये या ना त्या निधीला. शेवटचा आकडा वाचताना माणूस वरचा आकडा विसरून जातो. हे निधी कशासाठी, ते कोणी ठरवले, असे विचारले तर उत्तर तयार असते: सर्वसाधारण सभेने मंजूर केले.

ती सभा मी पाहिली आहे. मांडवात पुढच्या चार रांगा ठरलेल्या लोकांच्या. विषय क्रमांक तीन वाचायला घेतला की वाक्य पुरे होण्याआधी ‘मंजूर, मंजूर’ असा गजर होतो. मागून एखादा आप्पा प्रश्न घेऊन उठला तर ध्वनिक्षेपक त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. कारखान्याची निवडणूक आणि विधानसभेची निवडणूक लढवणारी माणसे तीच, गाड्या त्याच, मांडव घालणाराही तोच. पुढे कर्जाच्या डोंगराखाली कारखाना भाडेतत्त्वावर गेला आणि आमच्या ठेवी कागदावर राहिल्या.

तेव्हा भागधारकांच्या मंजुरीवर फार विसंबू नका, एवढेच माझे सांगणे आहे. मंजुरीने चोरी थांबत नाही. कधी कधी तिला सभेचा शिक्का मिळतो.

बोरीकाठ (अमळनेर)

गोमाईकाठ भाऊ, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. तुम्ही सांगितलेले खोडून काढता येणार नाही. पण सहकारात निदान तो आप्पा उठू शकतो आणि त्याला बोलू दिले नाही हे गावाला दिसते. कंपनीत विषयच सभेपुढे येत नाही. मी ठराव मांडायचा म्हटले तर कलम १११ नुसार मतदानाचा हक्क असलेल्या भांडवलाच्या एक दशांश भागाचे धारक माझ्याबरोबर हवेत. माझे ६० शेअर. देशभर विखुरलेल्या लाखभर लहान भागधारकांना गोळा केले तरी तो आकडा गाठणे कठीण.

मेहरूण भाऊ, तुमच्या स्मरणिकेच्या अनुभवाबद्दल: अशा जाहिरातीचा खर्च हीसुद्धा राजकीय देणगीच समजली जाईल, असे कलम १८२ मध्येच लिहिलेले आहे. म्हणजे पळवाट कायद्याला माहीत आहे. बंदी फसली याचे कारण बंदी चूक होती हेच असेल असे नाही. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेसाठी मोठ्या राज्यांत ९५ लाख आणि विधानसभेसाठी ४० लाख रुपये. पक्षाच्या खर्चाला मात्र कोणतीच मर्यादा नाही. ज्या भांड्याला बूडच नाही ते भरण्यासाठी कोणीतरी पिशवी घेऊन तुमच्या कार्यालयात येणारच.

मेहरूण (जळगाव)

पक्षाच्या खर्चाला मर्यादा हवी, हे मला शंभर टक्के मान्य. मी मागणारा नाही, देणारा आहे. मर्यादा आली तर पहिला श्वास मीच सोडीन.

पण भाऊ, तुम्ही सगळे मोठ्या, बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचा विचार करून सगळ्यांवर नियम लावता आहात. माझ्या कंपनीत तीन भागधारक आहेत आणि तिघे एका ताटात जेवतो. इथे कोणाचा आवाज कोणी चोरला? मी वैयक्तिक खात्यातून दिले काय आणि कंपनीच्या खात्यातून दिले काय, पैसा आमच्याच घामाचा. आयकरात दोन्हीकडे वजावट आहे, रोखीने दिले तर दोन्हीकडे नाही.

सातपुडा पायथा (चोपडा)

मी निवृत्त शिक्षक आहे. ‘शेअर विकावेत’ या वाक्यापाशी मला थांबावेसे वाटते, कारण ते वाचायला सोपे आहे आणि ज्यांना ते लागू होत नाही अशी माणसे आपल्या आजूबाजूला फार आहेत.

माझा एक विद्यार्थी जळगावात चटईच्या कारखान्यात यंत्रावर काम करतो. मागच्या महिन्यात तो भविष्य निर्वाह निधीचे पासबुक मोबाइलवर घेऊन आला. नावातल्या एका अक्षराच्या चुकीमुळे त्याचा दावा अडला होता. ते दुरुस्त करता करता मी त्याला सांगितले की तुझ्या या रकमेचा काही भाग देशातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये आहे. त्याला ते खरे वाटेना. भविष्य निर्वाह निधी संघटना ऑगस्ट २०१५ पासून नव्या ठेवींचा काही हिस्सा निर्देशांकावर आधारित फंडांत गुंतवते. आधी ५ टक्के होता, पुढे १५ टक्के झाला. म्हणजे हा मुलगा अप्रत्यक्षपणे त्या कंपन्यांचा भागीदार आहे. त्याने काय विकावे? त्याला विकताही येत नाही, निवडताही येत नाही आणि सक्तीची कपात असल्यामुळे थांबवताही येत नाही. त्याच्या पैशाला मिळालेल्या मताचा हक्क फंड चालवणाऱ्याकडे आहे. म्युच्युअल फंडांनी भागधारकांच्या ठरावांवर मत दिलेच पाहिजे, असा शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीचा नियम २०२१ पासून टप्प्याटप्प्याने आला, ही चांगली गोष्ट आहे. पण देणगीचा ठराव भागधारकांपुढे येतच नसल्यामुळे फंडालाही त्यावर मत देण्याचा प्रसंग येत नाही.

गोमाईकाठ भाऊंच्या ‘मंजूर, मंजूर’वर एक उपाय कायद्यातच तयार आहे, तो वकीलसाहेबांनी तपासावा. बाजारात नोंदलेल्या कंपनीला प्रवर्तकाच्या (कंपनी काढून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्याच्या) दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा असेल, तर त्या ठरावाला मंजुरी देण्यासाठी संबंधितांना मत देता येत नाही; उरलेल्या भागधारकांनी ठरवायचे असते. कारण उघड आहे. ज्याचा फायदा, त्यानेच हात वर करून उपयोग नाही. राजकीय देणगीने कोणाचे संबंध जुळतात? साठ शेअरवाल्याचे नव्हे. मग प्रवर्तकांना बाजूला ठेवून मतदान घेण्याचा हाच नियम देणगीला का लावू नये?

पांझराकाठ (धुळे)

गुरुजी, आपण म्हणता तो नियम सेबीच्या नोंदणीविषयक विनियमांत आहे आणि तो बऱ्यापैकी काम करतो. अमळनेरच्याच कंपनीचे उदाहरण घ्या. तिच्या वर्तनाशी याचा संबंध नाही, मालकीच्या स्वरूपाशी आहे. प्रवर्तक गटाकडे ७० टक्क्यांहून जास्त शेअर असताना साधा ठराव त्यांच्या मतांवरच मंजूर होतो. आपल्याकडच्या पुष्कळ कंपन्यांत प्रवर्तकांकडे निम्म्याहून जास्त शेअर असतात. त्यामुळे नुसती भागधारकांची मंजुरी ठेवली तर ती औपचारिकता होईल. प्रवर्तकांना वगळले तर तिच्यात जीव येईल.

मंजुरीचा पायंडा मात्र ब्रिटनमध्ये आहे. २००० सालच्या कायद्याने आलेली आणि आता २००६ च्या कंपनी कायद्यात असलेली तरतूद अशी की बारा महिन्यांत ५,००० पौंडांहून अधिक राजकीय देणगी द्यायची तर आधी भागधारकांचा ठराव हवा. हा ठराव चार वर्षांपर्यंतच टिकतो. परिणाम असा की बऱ्याच मोठ्या कंपन्या केवळ अनवधानाने नियमभंग होऊ नये म्हणून ठराव घेतात आणि सोबतच लिहून देतात की आमचा कोणत्याही पक्षाला देणगी देण्याचा विचार नाही. ज्या संचालकाला सभेपुढे उभे राहून कारण सांगायचे आहे, तो हात आखडतो.

बोरीकाठ (अमळनेर)

या चर्चेने माझे मत काही अंशी बदलले आहे, ते सांगणे माझे कर्तव्य आहे. पूर्ण बंदीचा आग्रह मी सोडतो, कारण मेहरूण भाऊंच्या कार्यालयात संध्याकाळी येणाऱ्या माणसांचे काय करायचे, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. त्यांच्या तीन माणसांच्या कंपनीला माझा विरोध नव्हता आणि नाही, ७.५ टक्क्यांची मर्यादा आणि पक्षाच्या नावासह जाहीर नोंद एवढे तिला पुरे. परंतु ज्या कंपनीने जनतेकडून भांडवल घेतले आहे, जिच्यात भविष्य निर्वाह निधीचा पैसा आहे, तिने देणगी देण्यापूर्वी प्रवर्तक वगळून भागधारकांची मंजुरी घेतलीच पाहिजे आणि पक्षाचे नाव ठरावातच असले पाहिजे. पैसे दिल्यानंतर वर्षभराने अहवालाच्या टिपांमध्ये बारीक अक्षरांत नोंद सापडणे, याला मी कळवणे म्हणत नाही.

माझ्या त्या कंपनीची वार्षिक सभा पुढच्या महिन्यात दूरदृश्य पद्धतीने आहे. बोलायचे असल्यास काही दिवस आधी नाव नोंदवावे लागते. ते मी काल नोंदवले. खातेक्रमांक, शेअरसंख्या आणि प्रश्न असे तीन रकाने होते. प्रश्नाच्या रकान्यात लिहिले: ‘रोखे खरेदीचा संचालक मंडळाचा ठराव कोणत्या तारखेचा आहे आणि त्यात कंपनीच्या हिताचे कोणते कारण नोंदवले आहे?’

मेहरूण (जळगाव)

प्रश्न चांगला आहे. उत्तर मिळाले तर इथे अवश्य लिहा.

तुमच्या मधल्या मार्गावर माझा आक्षेप कमी झाला आहे, संपलेला नाही. मंजुरी प्रवर्तक वगळून घ्या, हरकत नाही. पण ठरावात पक्षाचे नाव आधीच जाहीर करायचे म्हणजे ज्याला दिले नाही त्या पक्षालाही ते आधीच कळणार. तो उद्या सत्तेवर आला तर? मोठी कंपनी हे झेपवू शकेल, पण उद्या माझ्यासारख्याने लघुउद्योगांच्या मंचावर शेअर विक्रीस काढून शे-दोनशे भागधारक घेतले, तर तोही तुमच्या नियमात येणार. तुम्ही भागधारकाचा विचार केलात, तसा सूडाच्या भीतीत जगणाऱ्या या देणाऱ्याचाही करावा लागेल. त्यावर काही सुचत असेल तर वकीलसाहेबांनी लिहावे. परवा पुन्हा एक स्मरणिकेचा फॉर्म येऊन पडला आहे. अर्ध्या पानाचा दर छापलेला आहे आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने दुसराच आकडा लिहिला आहे.